विश्लेषण : भाकरीतही ग्लुकोज, कडब्यातही ग्लुकोज! मग कर्बोदकांतला फरक नेमका कुठे?

‘भात बंद केला, आता फक्त भाकरी’, ‘साखर सोडली, गुळाचा चहा घेतो’, ‘कार्ब्ज अजिबात नकोत’... रक्ततपासणीत साखर वाढलेली दिसली की घरोघरी ही वाक्ये ऐकू येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) सहकार्याने झालेल्या देशव्यापी ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा एकट्या कर्बोदकांतून येते. ही कर्बोदके म्हणजे काय, ती सगळी सारखीच असतात का आणि ताटातला कोणता बदल खरोखर उपयोगाचा ठरतो, याचा हा आढावा.

कर्बोदक या शब्दाचा अर्थ काय?

अर्थ शब्दातच दडलेला आहे. कर्ब म्हणजे कार्बन आणि उदक म्हणजे पाणी. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जे दोनास एक असे प्रमाण असते, तेच येथेही दिसते. त्यामुळे हे पदार्थ म्हणजे ‘कार्बन अधिक पाणी’, असे सुरुवातीच्या रसायनशास्त्रज्ञांना वाटले आणि तेच नाव रूढ झाले. कढईत साखर जास्त वेळ तापवली तर ती वितळते, तांबूस होते आणि शेवटी काळी पडते. पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते आणि मागे प्रामुख्याने कार्बन उरतो.

मात्र हे नाव पूर्णपणे अचूक नाही. व्हिनेगरमधील आम्लातही कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन याच प्रमाणात असतात, तरी ते कर्बोदक नाही. उलट आपल्या डीएनएमधील शर्करा या प्रमाणात बसत नाही, तरीही ती कर्बोदकच आहे. त्यामुळे आता अणूंच्या संख्येपेक्षा त्यांच्या मांडणीवरून कर्बोदक ओळखले जाते. निसर्गात यांचा कारखाना एकच, तो म्हणजे हिरवी वनस्पती. हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळांनी शोषलेले पाणी आणि सूर्यप्रकाश यांतून ती शर्करा तयार करते. आपण खातो ती भाकरी एका अर्थाने साठवलेले ऊनच असते.

साखर, स्टार्च आणि तंतू यांचे नाते काय?

तिन्ही एकाच घराण्यातले. सर्वांत साधी ती एकशर्करा. ग्लुकोज, फळांत आणि मधात आढळणारे फ्रुक्टोज आणि दुधातील शर्करेचा भाग असलेले गॅलॅक्टोज या तीन एकशर्करा आहारात महत्त्वाच्या आहेत. गंमत म्हणजे तिन्हींतील अणूंची संख्या अगदी सारखी असते. फरक असतो तो कोणता अणू कुठे जोडला आहे याचा. तेवढ्याने फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा कितीतरी गोड लागते. ही मांडणी उलगडणाऱ्या कामासाठी जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर यांना १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

दोन एकशर्करा जोडल्या की द्विशर्करा होते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून उसाची साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळून दुधातील लॅक्टोज, तर दोन ग्लुकोज मिळून माल्टोज. शेकडो-हजारो ग्लुकोज एकापुढे एक गुंफले गेले की बहुशर्करा तयार होते. धान्य, बटाटा, रताळे यांतील स्टार्च, आपल्या यकृतात आणि स्नायूंत साठणारे ग्लायकोजेन आणि वनस्पतीला ताठ उभे ठेवणारे सेल्युलोज, हे सारे याच प्रकारातले.

कणीस आपले, कडबा जनावरांचा, असे का?

कर्बोदकांचे मर्म समजून घ्यायला ज्वारीच्या ताटाइतके चांगले उदाहरण नाही. कणसातल्या दाण्यांत मुख्यत: स्टार्च असते, तर कडब्यात मोठा वाटा सेल्युलोजचा. स्टार्च आणि सेल्युलोज हे दोन्ही फक्त ग्लुकोजचेच बनलेले. तरीही आपण भाकरी खाऊन दिवसभर काम करतो आणि कडबा चावला तर हाती काहीच लागत नाही.

फरक असतो दोन ग्लुकोजमधील जोडणीच्या दिशेत. स्टार्चमध्ये ही जोडणी ‘अल्फा’ प्रकारची असते. तिच्यामुळे साखळी मळसूत्रासारखी वळत जाते. सेल्युलोजमध्ये ती ‘बीटा’ प्रकारची असते. तेथे एकाआड एक ग्लुकोज उलटा बसतो, साखळी सरळ राहते आणि अनेक साखळ्या शेजारी-शेजारी घट्ट चिकटून चिवट धागा तयार होतो. कापूस म्हणजे बहुतांशी हेच सेल्युलोज. अंगावरचा सुती सदराही ग्लुकोजचाच!

अल्फा जोडणी तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात असते. बीटा जोडणी तोडून सेल्युलोज पचवणारे विकर मात्र आपल्याकडे नाही. ते गायी-म्हशींकडेही नाही. पण त्यांच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात असे जिवाणू राहतात, जे हे काम त्यांच्यासाठी करतात. म्हणून कडबा दुभत्या जनावराला पोसतो आणि आपल्यासाठी तो केवळ ‘तंतू’ ठरतो. ग्लुकोज कशाशी, कसे जोडले आहे आणि ते किती वेगाने सुटे होते, यावर अन्नाचा शरीरावरील परिणाम बराचसा अवलंबून असतो.

हे घरच्या घरी पाहता येईल?

भाकरीचा किंवा पोळीचा घास काही न लावता दीड-दोन मिनिटे चावत राहा. हळूहळू गोडसर चव येऊ लागते. लाळेतील अमायलेज हे विकर स्टार्चची साखळी तोडून माल्टोज सुटे करते, त्याची ही चव. शाळेतला आयोडीनचा प्रयोगही अनेकांना आठवत असेल. बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकला की तो निळा-काळा होतो. स्टार्चच्या मळसूत्री साखळीत आयोडीन अडकल्याने हा रंग येतो. साखरेवर तो येत नाही.

निसर्गही हा खेळ दोन्ही दिशांनी खेळतो. कच्च्या केळ्यात भरपूर स्टार्च असते. केळे पिकू लागले की त्याची साखर होते, म्हणून ते मऊ आणि गोड लागते. ज्वारीत उलटे घडते. कोवळ्या दाण्यात साखर जास्त असते, म्हणून हुरडा गोड लागतो. दाणा पक्व होत जातो तसे त्याच साखरेचे स्टार्च होते आणि गोडी ओसरते.

खाल्ल्यानंतर शरीरात काय होते?

भात असो, पोळी असो वा जिलेबी, पचणाऱ्या कर्बोदकांचा शेवट आतड्यात एकशर्करेतच होतो आणि ती रक्तात जाते. येथे एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या संपूर्ण रक्तात उपाशीपोटी मिळून साधारण ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा ग्लुकोज असते. एका जेवणातून त्याच्या २०-२५ पट ग्लुकोज आत येऊ शकते. तरीही रक्तातील पातळी फारशी ढळत नाही, याचे श्रेय प्रामुख्याने स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्सुलिनला जाते. त्याच्या इशाऱ्यावर स्नायू ग्लुकोज आत घेतात आणि यकृत त्याची साठवण करते.

मात्र हे कोठार लहान असते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत साधारण ३०० ते ४०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. हालचाल कमी आणि आवक जास्त, असे रोज घडत राहिले की जादा ऊर्जा चरबीच्या रूपात साठते. पोटावर आणि यकृतात चरबी वाढली की इन्सुलिनचा इशारा पेशींना नीट ‘ऐकू’ येईनासा होतो. टाइप टू मधुमेहाची वाट येथून सुरू होते.

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ‘एचबीए१सी’ ही तपासणीसुद्धा कर्बोदकांच्या रसायनावरच उभी आहे. रक्तातील ग्लुकोज लाल पेशींतील हिमोग्लोबिनला आपोआप चिकटते. साखर जितकी जास्त, तितके चिकटलेले हिमोग्लोबिन जास्त. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी गोड टाळून हा आकडा लपवता येत नाही. तो ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर मधुमेहाचे निदान केले जाते.

‘भात वाईट, भाकरी चांगली’ इतके सोपे आहे का?

अन्नपदार्थ रक्तातील साखर किती वेगाने वाढवतो, हे सांगण्यासाठी टोरोंटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ मांडला. त्यात शुद्ध ग्लुकोजला १०० गुण दिले जातात. ५५ किंवा त्याहून कमी गुण असलेले पदार्थ मंद आणि ७० च्या पुढचे वेगवान मानले जातात. डाळी, हरभरा, राजमा मंद गटात, तर पांढरा ब्रेड आणि पॉलिश केलेल्या तांदळाचे अनेक प्रकार वरच्या बाजूला येतात.

पण हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. काही तक्त्यांत कलिंगडाचा निर्देशांक ७० च्या पुढे दिसतो. मात्र १०० ग्रॅम कलिंगडात कर्बोदके ७-८ ग्रॅमच असतात, बाकी बहुतेक पाणी. म्हणजे वेगाबरोबर प्रमाणही पाहावे लागते. शिवाय दाणा जितका बारीक दळला, जितका मऊ शिजवला, तितका विकरांना तो तोडायला सोपा जातो. अखंड मूग, जाडसर कण्या आणि बारीक पीठ यांत हा फरक पडतो.

‘इंडियाब’च्या आहारविषयक निष्कर्षांतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथेच आहे. ज्यांच्या आहारात कर्बोदके सर्वाधिक, त्यांच्यात मधुमेह आणि स्थूलता आढळण्याची शक्यताही जास्त दिसली. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ खाल्ले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवले, तर धोका कमी झाल्याचे आढळले नाही. मात्र कर्बोदकांतून येणाऱ्या ऊर्जेपैकी ५ टक्के ऊर्जा डाळी, दूध-दही अशा प्रथिनांतून घेतल्यास धोका कमी असल्याचे दिसले. पाहणीतून संबंध दिसतो, थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही भाताच्या जागी चार भाकऱ्या खाऊन निश्चिंत होणाऱ्यांनी थांबून विचार करावा, असाच हा निष्कर्ष आहे.

ज्वारी-बाजरीचे मोल यामुळे कमी होत नाही. त्यांत तंतू आणि खनिजे पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा जास्त असतात. पण सुमारे ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत जवळपास ३४ ग्रॅम कर्बोदके असतात, हेही विसरून चालत नाही.

मग रोजच्या ताटात किती कर्बोदके जातात?

ढोबळ हिशेब असा. मध्यम आकाराच्या तीन पोळ्यांतून सुमारे ५० ग्रॅम, मोठी वाटीभर भातातून ४० ग्रॅम, बटाट्याच्या भाजीतून १५ ग्रॅम, वाटीभर वरणातून १२ ग्रॅम. एकूण ११५ ग्रॅमच्या आसपास. जेवणानंतर दोन चमचे साखरेचा चहा घेतला तर आणखी ८ ते १० ग्रॅम. मेंदूला दिवसभरात साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि आयसीएमआरने प्रौढांसाठी दिवसाला १३० ग्रॅम कर्बोदकांची शिफारस केली आहे. म्हणजे दुपारच्या एका जेवणातच दिवसाची ही मात्रा जवळपास पूर्ण होते. शेतात राबणाऱ्या किंवा हमाली करणाऱ्या माणसाला याहून जास्त लागतेच. अडचण आहे ती आजोबांच्या मेहनतीचे ताट नातवाच्या खुर्चीसमोर जसेच्या तसे आल्याची.

उपवासाचे काय?

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा हे धान्य नाही. तो तमिळनाडूतील सेलमसारख्या भागांत टॅपिओका या कंदाच्या सत्त्वापासून बनतो. हे सत्त्व म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ८५ ते ८८ ग्रॅम कर्बोदके, तर प्रथिने एक ग्रॅमही नाहीत आणि तंतूही नगण्य. खिचडीत बटाटा पडतो, सोबत साबुदाण्याचे वडे आणि गोड दही येते. नाव उपवासाचे, पण शरीराच्या दृष्टीने तो कर्बोदकांच्या मेजवानीचा दिवस ठरतो.

खिचडीतील दाण्याचे कूट मात्र कामाचे आहे. शेंगदाण्यातील प्रथिने आणि स्निग्धांश पोट रिकामे होण्याचा वेग कमी करतात. त्यामुळे साबुदाणा कमी, कूट थोडे जास्त, सोबत काकडीची कोशिंबीर आणि बिनसाखरेचे दही किंवा ताक, असा बदल सहज करता येतो. राजगिऱ्यात प्रथिने बरीच चांगली, भगरीतही साबुदाण्यापेक्षा जास्त असतात. मात्र इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निर्जळी वा कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. साखर अचानक खाली जाणे हे वाढण्याइतकेच, कधी त्याहून अधिक धोक्याचे असते.

गूळ, मध आणि ‘शुगर फ्री’ बिस्किटे चालतात का?

गूळ हा मुख्यत: सुक्रोजच असतो. त्यात लोह आणि इतर खनिजे थोडी असतात, पण ती पुरेशी मिळवायची तर इतका गूळ खावा लागेल की फायद्यापेक्षा तोटाच जास्त. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटेच असतात. रक्तातील साखरेच्या दृष्टीने दोन्हींचा हिशेब साखरेतच धरायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने अशी वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चहाचे चमचे. तीन कप गोड चहा झाला की हा कोटा संपतो.

‘शुगर फ्री’ बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतोच, आणि मैदा म्हणजे लवकर पचणारे स्टार्च. पाकीट घेताना पुढच्या ठळक अक्षरांपेक्षा मागचा तक्ता वाचावा. एकूण कर्बोदके, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर, असे आकडे तेथे असतात. घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट शुगर ही नावे दिसली, तर ती याच घराण्यातली आहेत हे ओळखावे.

तंतू पचत नाहीत, मग खायचे कशासाठी?

पचत नाहीत म्हणूनच. तंतू स्टार्चभोवती अडसर उभा करतात आणि ग्लुकोज सुटण्याचा वेग कमी होतो. काही तंतू मोठ्या आतड्यातील जिवाणूंचे खाद्य बनतात. त्यातून तयार होणारी मेदाम्ले आतड्याच्या आवरणाला पोसतात. वाल, हरभरा, राजमा खाल्ल्यावर होणारा वायू हाही याच प्रक्रियेचा भाग. त्यातील काही लहान साखळ्या आपल्याला तोडता येत नाहीत, जिवाणू तोडतात. कडधान्ये भिजवून ते पाणी टाकून दिल्यास हा त्रास कमी होतो. दहा वर्षांवरील सर्वांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू घ्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. फळाचा रस काढताना आपण नेमके हेच फेकून देतो.

शिळ्या भाताचीही अशीच गोष्ट. शिजलेला भात थंड झाला की स्टार्चच्या काही साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात आणि विकरांना दाद देत नाहीत. हा परिणाम मर्यादित असतो, त्यामुळे फोडणीचा भात म्हणजे औषध समजू नये. शिवाय उरलेला भात तासन् तास बाहेर ठेवल्यास विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. तो लवकर फ्रिजमध्ये ठेवावा आणि चांगला गरम करूनच खावा.

ताटात नेमका कोणता बदल करावा?

कर्बोदके पूर्ण सोडण्याची गरज बहुतेकांना नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार धान्यांतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत असावी आणि डाळी, अंडी, मासे-मांस यांचा वाटा वाढावा. आपल्या ताटात हे बसवायला परदेशी पदार्थ लागत नाहीत. तीन पोळ्यांच्या दोन करून वरण दाट घ्यावे. पोळी आणि भात दोन्ही असतील तर एकाचे प्रमाण निम्मे करावे. बटाट्याची भाजी ही भाजीत न धरता धान्यासोबत मोजावी. मटकीची उसळ, पिठले, दही, अंडे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी-भात, असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची साखर तुलनेने कमी चढते, असे काही अभ्यासांत दिसले आहे.

जेवणानंतरची शतपावलीही शास्त्राला धरून आहे. चालताना पायांचे स्नायू रक्तातील ग्लुकोज थेट वापरू लागतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची तितकी वाट पाहावी लागत नाही. शंभर पावलांवर न थांबता ती दहा-पंधरा मिनिटांची केली तर अधिक चांगले. ज्यांची औषधे सुरू आहेत त्यांनी कर्बोदके एकदम कमी करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून मात्रा तपासून घ्यावी. बाकीच्यांनी सुरुवात उद्याच्या जेवणापासून करायला हरकत नाही. एक पोळी कमी, एक वाटी उसळ जास्त.